ऐच्छिक

२००५ सालच्या ऑगस्टमध्ये मी या विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू झाले. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं सरकारी विद्यापीठ, काम कॅटलॉगिंगचं, वय तेहेतीस. पहिल्या दिवशी एचआरने दिलेली फाइल अजून माझ्या खणात आहे. सगळ्यात वर आरोग्यविम्याचा फॉर्म, तो तीस दिवसांत भरला नाही तर वर्षभर थांबा, असं ठळक अक्षरात बजावलेलं. त्याखाली पेन्शनचा. तिथे विचारण्याचा प्रश्नच नव्हता, पगारातून ठरावीक टक्के कापले जाणार आणि विद्यापीठ त्यात आपली भर घालणार. मग ओळखपत्र, पार्किंग, आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं त्याचा नकाशा. आणि तळाला एक फिकट निळा कागद, 'पूरक निवृत्ती बचत योजना (ऐच्छिक)'. समजावून सांगणाऱ्या बाईंनी तो उचलून आम्हाला दाखवला, "हा ऐच्छिक आहे, घरी जाऊन निवांत वाचा," म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघितलं. जेवायची वेळ झाली होती.

तो कागद मी नऊ वर्षं वाचला नाही.

'ऐच्छिक' हा शब्द आपल्याला शाळेत भेटतो आणि तिथेच त्याचा अर्थ मनात पक्का बसतो. ऐच्छिक विषय म्हणजे ज्याचे गुण धरत नाहीत तो, परीक्षेच्या आदल्या रात्री जो बाजूला ठेवता येतो तो. मी तसंच केलं. शिवाय मनात होतं ते इथल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असतं, की दोन-तीन वर्षं काढायची आणि परत जायचं. जिथे म्हातारपण काढायचंच नाही तिथे म्हातारपणाची सोय कशाला? पुढच्या वर्षी जायचं हे दर वर्षी ठरायचं. बाबा फोनवर एकदा म्हणाले, "तिकडे पीएफ कापतात ना गं?" मी म्हटलं, "हो बाबा, कापतात." "मग झालं," ते म्हणाले. आणि खरंच, मलाही वाटलं की झालं.

कापतात ती रक्कम किती, आणि तीस वर्षं नोकरी केली तर तिच्यातून किती मिळेल, पंधराच वर्षं केली तर किती, हे मी कधी मांडून पाहिलं नव्हतं. पेन्शनचा हिशेब नोकरीच्या वर्षांवर चालतो. जो बाविसाव्या वर्षी लागला त्याच्यासाठी तो हिशेब वेगळा आणि आधी एका देशात, मग दुसऱ्या देशात शिकत शिकत तेहेतिशीत पहिली कायमची नोकरी लागलेल्या माझ्यासारखीसाठी वेगळा. सोशल सिक्युरिटीचंही, म्हणजे अमेरिकन सरकारच्या निवृत्तिवेतनाचंही, तसंच. तिचं पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांची कमाई नोंदलेली असावी लागते, आणि भारत आणि अमेरिका यांच्यात ही वर्षं एकमेकांत धरण्याचा करार नाही. आठ वर्षं भरून परत गेलेल्या माणसाचे ते पैसे त्याच्या म्हातारपणी त्याच्या कामी येत नाहीत. निळा कागद होता तो नेमका या खड्ड्यासाठी.

त्या कागदावर दोन नावं होती, ४०३(बी) आणि ४५७(बी). ही नावं म्हणजे अमेरिकन आयकर कायद्यातल्या कलमांचे नुसते आकडे आहेत. मला वाटतं, एखाद्या चांगल्या गोष्टीला इतकं कोरडं नाव ठेवलं की माणसं तिच्या वाटेला जात नाहीत. कंपनीतल्या लोकांचा ४०१(के) सगळ्यांना माहीत असतो, ४०३(बी) हे त्याचं शिक्षणसंस्था आणि धर्मादाय संस्थांतलं भावंड. खरं तर वयाने मोठं. ४०३(बी) आला १९५८ साली, ४०१(के) १९७८ च्या कायद्याने, आणि सरकारी नोकरांचा ४५७सुद्धा त्याच १९७८ च्या कायद्यातून.

काम सगळ्यांचं सारखंच. पगार हातात येण्याआधी तुम्ही सांगाल तेवढी रक्कम बाजूला काढली जाते, तिच्यावर त्या वर्षी आयकर लागत नाही, ती गुंतवली जाते, आणि म्हातारपणी काढाल तेव्हा कर भरायचा. तुम्ही आयकराच्या बावीस टक्क्यांच्या पायरीवर असाल तर शंभर डॉलर बाजूला टाकल्यावर हातातला पगार अठ्ठ्याहत्तरनेच कमी होतो. रॉथचा पर्याय घेतला तर उलट, कर आत्ताच भरायचा आणि नियम पाळून पुढे काढलेल्या रकमेवर, तिच्या वाढीवरसुद्धा, काही नाही. २०२६ साठी मर्यादा २४,५०० डॉलरची आहे, पन्नाशी उलटलेल्यांना त्यावर आणखी ८,०००. ज्या विद्यापीठात दोन्ही योजना आहेत तिथे दोन्हींच्या मर्यादा वेगवेगळ्या धरतात, एकीत भरलं म्हणून दुसरीतलं कमी होत नाही. आमच्यापैकी फार थोड्यांना तेवढं भरता येतं, ते सोडा. पण किमान रक्कम आमच्याकडे पगाराला पंधरा डॉलर आहे, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा तो आहे.

नऊ वर्षांनी, २०१४ मध्ये, मी एकदाचा हिशेब केला. महिना दोनशे डॉलर, सहा टक्के वाढ धरून, तेहेतिसाव्या वर्षापासून त्रेसष्टाव्यापर्यंत तीस वर्षं, तर दोन लाखांच्या थोडे वर. तेच बेचाळिशीला सुरू करून एकवीस वर्षं, तर एक लाख. मी आकडे परत घातले, मला वाटलं चुकलंच काहीतरी. नऊ वर्षांत मी भरले असते अवघे २१,६००, आणि शेवटी फरक पडत होता लाखाचा. बाकीचं सगळं काम त्या सुरुवातीच्या पैशांना मिळालेल्या वेळाचं होतं. चक्रवाढ व्याजाची गणितं सातवीत मी भराभर सोडवली होती. त्यांतला मुद्दलाचा माणूस आपण असतो हे कधी जाणवलं नव्हतं. त्या रात्री मी नवऱ्याला उठवलं नाही. स्वयंपाकघरात दिवा लावून बसून राहिले.

आता जे घडलं ते सांगायला मला आजही जड जातं, पण त्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

हिशेबाची धास्ती घेऊन मी कामावर गेले आणि त्याच आठवड्यात आमच्या विश्रांतीच्या खोलीत एक गृहस्थ डोनटचा खोका घेऊन आले. भिंतीवर पत्रक लागलं होतं, 'निवृत्तीविषयी मोफत सल्ला'. गळ्यात ओळखपत्र होतं, आमच्या विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेलं माहितीपत्रक होतं, म्हणून मी त्यांना विद्यापीठाचाच माणूस समजले. ते एका विमा कंपनीचे एजंट होते. अतिशय गोड बोलणं. मी नऊ वर्षं घालवली म्हटल्यावर त्यांनी एक चकार शब्दाने मला दोष दिला नाही, उलट म्हणाले, "आज आलात ना, तेच खूप झालं." हे वाक्य ऐकायला मी इतकी आसुसलेली होते की त्यांनी जिथे बोट ठेवलं तिथे मी सही केली. एकूण सहा ठिकाणी.

मी घेतली होती व्हेरिएबल ॲन्युइटी, म्हणजे विम्याच्या वेष्टनातली गुंतवणूक. तिच्यात म्युच्युअल फंडांचा खर्च, त्यावर विम्याचा खर्च, त्यावर हमीचा खर्च, सगळं मिळून वर्षाला दोन टक्क्यांच्या घरात. आणि सात वर्षांच्या आत पैसे हलवले तर सरेंडर चार्ज, पहिल्या वर्षी सात टक्के, मग दर वर्षी एकेक टक्का कमी. हे सगळं मी सह्या केलेल्या कागदांत लिहिलेलं होतं. लपवलं नव्हतं, फक्त चौतिसाव्या पानावर होतं.

दोन टक्के ऐकायला किती लहान वाटतात. पण ते वाढीवर नाही, दर वर्षी सगळ्या पुंजीवर लागतात. तेच महिना दोनशे, तीस वर्षं, बाजाराची वाढ सहा टक्के. खर्च दशांश एक टक्का असेल, जो साध्या इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडात) असू शकतो, तर शेवटी जमतात सुमारे १,९७,००० डॉलर. खर्च दोन टक्के असेल तर १,३८,८००. म्हणजे अठ्ठावन्न हजार डॉलर एका पानावरच्या ओळीत जातात, आणि जाताना दिसत नाहीत, कारण कुठल्याही महिन्याच्या पत्रकात 'वजा' असा आकडा येत नाही. मला हे कळलं ते दोन वर्षांनी, आमच्याच ग्रंथालयातल्या व्यवसायव्यवस्थापन विभागाच्या सहकारिणीमुळे. ती शेजारी बसून चौतिसावं पान वाचत होती. तिचं बोट एका ओळीवर थांबलं आणि ती काहीच बोलली नाही. मी नवे पैसे तिथे टाकणं थांबवलं, त्याच योजनेतल्या स्वस्त फंडाकडे वळवले, आणि आधीचे तिथेच ठेवून सात वर्षं संपायची वाट पाहिली.

त्या गृहस्थांचा मला राग आहे का? होता. आता त्याहून जास्त वाटतं ते हे, की त्या खोलीत ते आले आणि दुसरं कुणी आलं नाही. नऊ वर्षांत माझ्याजवळ बसून निळा कागद उलगडून दाखवणारा पहिला माणूस तो होता, कारण त्यातून त्याला कमिशन मिळणार होतं. सक्तीच्या गोष्टीची काळजी संस्था घेते. ऐच्छिक गोष्ट मात्र जो सांगायला येतो त्याच्या हातात जाते.

विद्यापीठातल्या माणसांच्या म्हातारपणाची काळजी करणारं कुणी कधी नव्हतंच, असं मात्र नाही. अँड्र्यू कार्नेगी हा पोलादाचा कारखानदार १८९० साली कॉर्नेल विद्यापीठाचा विश्वस्त झाला आणि प्राध्यापकांचे पगार पाहून हादरला. त्याच्या कचेरीतले कारकून त्यांच्या जवळपास कमावत होते. थकलेले प्राध्यापक निवृत्त होत नव्हते, कारण निवृत्त होऊन खाणार काय? १९०५ मध्ये त्याने एक कोटी डॉलर काढून दिले, प्राध्यापकांना मोफत पेन्शन देण्यासाठी. त्या काळचे एक कोटी! आणि तरी काही वर्षांतच दिसू लागलं की पुरणार नाहीत. प्राध्यापक वाढत होते, जास्त जगत होते, दान तेवढंच होतं. तेव्हा १९१८ साली टीआयएए ही संस्था उभी राहिली आणि दानाऐवजी दोघांच्या वर्गणीवर पेन्शन आलं, थोडं नोकराचं, थोडं संस्थेचं. १९५२ मध्ये तिच्या जोडीला सीआरईएफ हा फंड आला, त्यात या प्राध्यापकांच्या पेन्शनचा पैसा पहिल्यांदा शेअरबाजारात वाढू लागला. आज इथल्या असंख्य प्राध्यापकांच्या पगारपत्रकावर जे टीआयएए दिसतं ते हेच.

मला या गोष्टीत रस आहे तो तिच्यातल्या वळणामुळे. आधी दान, मग वर्गणी, मग १९५८ नंतर स्वतःहून घालायची पूरक रक्कम. प्रत्येक पायरीवर काळजीचं ओझं थोडं थोडं नोकराच्या खांद्यावर आलं. मी त्याला वाईट म्हणत नाही. परत जाणाऱ्या, नोकऱ्या बदलणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाचं, बरोबर नेता येणारं खातं पेन्शनपेक्षा सोयीचं असतं. पण ओझं खांद्यावर देताना ते कसं उचलायचं हेही शिकवायला हवं होतं.

२०१६ पासून अनेक नामवंत खासगी विद्यापीठांवर त्यांच्याच कर्मचाऱ्यांनी खटले भरले, की आमच्या निवृत्तीच्या योजनांत महाग फंड आणि नको तेवढा खर्च होता. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या योजनांत मिळून चारशेहून जास्त पर्याय होते. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की यादीत काही चांगले, स्वस्त पर्याय होते एवढ्याने विश्वस्त सुटत नाहीत, वाईट पर्याय ओळखून काढून टाकणं हेही त्यांचं काम आहे. ज्या कायद्यावर हा निकाल उभा आहे तो आमच्यासारख्या सरकारी विद्यापीठांना लागू नाही. पण तो निकाल वाचताना मला माझ्या सहा सह्या आठवल्या. कुणीतरी अधिकाराने म्हणत होतं की चारशे वाटा दाखवून माणसाला सोडून देणं म्हणजे वाट दाखवणं नव्हे.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे जीवशास्त्राचा एक पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) पुस्तकं घ्यायला यायचा, मूळचा आपल्याकडचाच. मराठी ऐकू आल्यावर दुसऱ्याच भेटीत त्याने मला 'ताई' केलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला सरळ विचारलं, "४०३(बी) सुरू केलास का रे?"

"अहो ताई, मी इथे राहणार की नाही तेच माहीत नाही."

"मी पण हेच म्हणत होते," मी म्हटलं. "वीस वर्षं झाली."

त्याला हसू आलं, मला आलं नाही. मी त्याला पगारपत्रक उघडायला सांगितलं. लॅपटॉपवर ते आलं. पोस्टडॉकमध्ये दोन जाती असतात हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. फेलोशिपवर असाल तर ती रक्कम पगार धरली जात नाही आणि ४०३(बी)चं दार बंद असतं. तशांना निदान आयआरए (नोकरीबाहेर स्वतः उघडायचं निवृत्ती खातं) तरी उघडता येतो, २०२० पासून कायद्याने ती सोय केली आहे. हा मात्र पगारावर होता. पेन्शनची कपात त्याला नव्हती, आणि जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावरची पहिली दोन वर्षं सोशल सिक्युरिटीचीही नव्हती. म्हणजे पस्तिशीला आलेल्या, आठ-दहा वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या या मुलाच्या नावावर उद्यासाठी कुठेच एक डॉलरही जात नव्हता. पत्रकावर त्या जागी नुसती आडवी रेघ होती.

"परत गेलो तर हे पैसे अडकतील ना?"

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि तो रास्त आहे. नोकरी सोडली तरी खातं तुमच्याच नावावर राहतं, तिथे ठेवता येतं किंवा आयआरएमध्ये वळवता येतं. ४०३(बी)तून साडेएकोणसाठच्या आधी काढले तर बहुधा कराशिवाय दहा टक्के दंड. सरकारी विद्यापीठाच्या ४५७(बी)ला तो दंड नाही, नोकरी सुटली की कोणत्याही वयात काढा, फक्त कर भरा. ज्याचं राहायचं नक्की नाही त्याच्यासाठी म्हणूनच ४५७(बी) आधी पाहावा असं मी म्हणते. (खासगी संस्थेचा ४५७(बी) मात्र वेगळा, तिथे पैसा कागदोपत्री संस्थेचाच राहतो आणि संस्था बुडाली तर देणेकऱ्यांच्या रांगेत आपणही उभे.) आणि भारतात परतलेल्यांसाठी २०२१ साली तिथल्या आयकर कायद्यात तरतूद झाली, की अशा खात्यातल्या वाढीवर दर वर्षी नव्हे, काढाल तेव्हा कर द्यायचा पर्याय घेता येतो.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, आमच्या लॅबमध्ये हे कुणीच कधी बोललं नाही. पेपर, ग्रँट, व्हिसा, एवढंच बोलतो आम्ही." त्याने पन्नास डॉलर टाकले. पुढच्या महिन्यात बघू म्हणाला नाही, तिथेच टाकले. कर कमी असलेल्या या वर्षांत त्याला रॉथ बरा, असं माझं मत मी सांगितलं आणि ठरवायचं त्याच्यावर सोडलं.

त्यानंतर मी एचआरला पत्र लिहून नव्या कर्मचाऱ्यांच्या दिवशी पंधरा मिनिटं मागितली. त्यांनी दिली, जेवणाच्या आधीची नको असंही मी सांगितलं होतं. आता महिन्यातून एकदा मी तिथे उभी राहते. कुठला फंड घ्या हे मी सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. निळा कागद (आता तो पांढरा झालाय) सगळ्यात वर ठेवते. खर्चाचा रकाना कुठे असतो ते दाखवते. खोका घेऊन येणाऱ्याला "तुम्हाला यातून काय मिळतं?" हा एक प्रश्न विचारायला सांगते. आणि सांगते की कायद्याने ४०३(बी)तली ही बचत काही ठरावीक अपवाद सोडले, म्हणजे आठवड्याला वीस तासांहून कमी काम करणारे, शिकता शिकता काम करणारे विद्यार्थी, असे, तर बाकी प्रत्येक कर्मचाऱ्याला खुली ठेवावी लागते. प्राध्यापकाला तशीच शिपायाला. हे वाक्य बोलताना मी खोलीत मागे बसलेल्यांकडे बघते.

मागच्या खेपेला सगळे गेल्यावर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागलेली एक बाई मागे राहिली. पन्नाशीच्या पुढची असावी. पर्स छातीशी धरून तिने विचारलं, "हे आमच्यासाठी पण आहे?"

"तुमच्यासाठी पण."

"पंधरा डॉलर चालतात म्हणालात."

"चालतात."

ती खुर्चीवर बसली, चष्मा काढून पुसला, परत लावला. बोटांवर आधी भाड्याचा हिशेब केला, मग गाडीच्या हप्त्याचा. रकमेच्या चौकोनात तिने २० लिहिलं, थांबून त्यावर रेघ मारली, वर २५ लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. फॉर्म माझ्याकडे देऊन ती उठली. खाली तारखेची जागा रिकामी राहिली होती. मी कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवला.